भाऊबीजेला लेन्स द्यायची तर

दसऱ्याच्या रात्री हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावण पेटतो, हजारो मोबाइल एकाच वेळी वर जातात, आणि त्या गर्दीत गळ्यात कॅमेरा अडकवलेलं एखादं कॉलेजातलं पोरही असतं. हा सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना. प्रदर्शनी, आकाशपाळणे, खेळण्यांची दुकानं, आसपासच्या तालुक्यांतून लोटलेली माणसं. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं? पण घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर उघडले की हिरमोड होतो. रावण ठीक आलेला असतो, कारण तो स्वतःच पेटलेला. त्याच्याकडे बघणारे चेहरे मात्र सगळे हललेले. आजोबांच्या खांद्यावर बसलेलं लेकरू म्हणजे नुसता पिवळसर फराटा.

मग घरात दोन मतं पडतात. पोर म्हणतं, कॅमेरा हलका आहे, मोठा घ्यायला पाहिजे होता. वडील म्हणतात, एवढ्या पैशात मोबाइलच चांगला आला असता. बिचाऱ्या कॅमेऱ्याची यात फारशी चूक नसते. खोक्यातून त्याच्याबरोबर आलेली जी लेन्स असते, जिला सगळे ‘किट लेन्स’ म्हणतात, ती रात्रीच्या कामाची नसते.

तिच्या तोंडावर दोन आकड्यांच्या जोड्या छापलेल्या असतात. १८-५५ ही पहिली. ही लेन्स किती रुंद पाहते आणि किती जवळ आणते, ते त्यातून कळतं. दुसरी जोडी ३.५-५.६, आणि रात्रीची सगळी गोम तिच्यात आहे. हा आकडा लेन्सच्या आतल्या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा. आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि तितका उजेड जास्त. किट लेन्स ५५ वर नेली की ती ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. त्याच जागी १.८ पर्यंत उघडणारी लेन्स लावली, तर जवळपास दहापट उजेड आत येतो. रावणाच्या उजेडात एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा शटर लागत असेल, तर तिथे अडीचशेवा भाग पुरतो. पंचविसाव्या भागात टाळ्या वाजवणारं लेकरू हलतंच. अडीचशेव्या भागात ते बहुतेक वेळा जागच्या जागी सापडतं.

दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी येते. पाडवा, भाऊबीज आली की घरातल्या या फोटोवेड्याला काय द्यावं, हा प्रश्न मामा-काकांना, नोकरीला लागलेल्या भावाला पडतो. उत्तर ‘लेन्स’ असं निघालं तर ते चांगलंच आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते. अडचण एवढीच की द्यायचं गुपचूप असतं, आणि लेन्स ही गुपचूप घेण्यासारखी वस्तू नाही.

कारण पहिला प्रश्न माउंटचा. कॅमेऱ्याच्या तोंडाला जी धातूची कडी असते, तिच्यात दुसऱ्या कंपनीची लेन्स बसत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांत वेगवेगळ्या कड्या असतात, हे दुकानाच्या काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं. कॅननच्या १५००डी किंवा २००डी सारख्या डीएसएलआरला ईएफ आणि ईएफ-एस लेन्स लागतात. आर५० किंवा आर१०० हे कॅमेरे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, त्यांना आरएफ लेन्स लागतात. ईएफ लेन्स अ‍ॅडाप्टर लावून आरएफ बॉडीवर उत्तम चालते. उलटं मात्र होत नाही. आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर कोणत्याही उपायाने चालत नाही. ओळखायचं कसं? पोर अंघोळीला गेलं असताना लेन्स काढून कडीकडे बघावं. पांढरा चौकोन आणि लाल ठिपका दोन्ही दिसले तर तो लहान सेन्सरचा, म्हणजे क्रॉप बॉडीचा कॅनन डीएसएलआर. डीएसएलआरवर नुसता लाल ठिपका असेल तर तो मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम. एवढी हिंमत नसेल तर बॉडीच्या पुढच्या बाजूला लिहिलेलं मॉडेलचं नाव मोबाइलमध्ये टिपून आणावं. तेवढ्यावरही दुकानदाराचं काम भागतं.

निकॉनची गंमत वेगळी. त्यांची एफ कडी १९५९ पासूनची. इतक्या जुन्या लेन्सा आजच्या डीएसएलआरवर बसतात, याचा निकॉनवाल्यांना भारी अभिमान. बसतात, हे खरं. पण डी३५०० किंवा डी५६०० या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. ती लेन्समध्येच असावी लागते. ओळखीच्या स्टुडिओवाल्याने कपाटातून काढून स्वस्तात दिलेली जुनी ‘५० एमएम १.८ डी’ या बॉडीवर मोठ्या थाटात बसते आणि फोकस हाताने करावा लागतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते वाईट नाही, असं म्हणणारे म्हणोत. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळायला उभ्या असलेल्या बहिणीला मात्र ते पटणार नाही. नावात ‘एएफ-एस’ असलेली घ्यावी, म्हणजे मोटर आत असते.

आता कोणती? सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर असतं: पन्नास. कॅननने स्वस्तातली ५० एमएम १.८ पहिल्यांदा १९८७ मध्ये आणली, १९९० मध्ये तिचं प्लास्टिकचं रूप काढलं आणि २०१५ मध्ये एसटीएम मोटरवाली. वजन १६० ग्रॅम, आत सहा भिंगं, किंमत साधारण दहा हजारांच्या आगेमागे. या घडणीचं मूळ बरंच मागे जातं. झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फने १८९६ मध्ये प्लानार नावाची सहा भिंगांची लेन्स रचली, आजच्या बहुतेक स्वस्त पन्नास तिच्याच वंशातल्या. १९२५ मध्ये पहिला लायका कॅमेरा बाजारात आला तो पन्नासच्याच लेन्ससह, आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यभर मुख्यतः तीच वापरली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी जो त्यांना भेटून गेला, तो हाच फोटोग्राफर.

या परंपरेचा दाखला देत पन्नास घेऊन टाकावी, तर मध्ये हिंगोलीतलं घर येतं.

लायकाची पन्नास मोठ्या फिल्मवर होती. नवशिक्याच्या क्रॉप बॉडीचा सेन्सर लहान असतो. कॅननमध्ये त्यामुळे पन्नासची नजर ८० सारखी होते, निकॉनमध्ये ७५ सारखी. हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही, म्हणून खोलीत उभं राहून हिशोब करावा. दहा बाय बाराची खोली. आई पाटाशेजारी उभी आहे, हातात ताम्हण. कॅमेरा उभा धरून तिचा डोक्यापासून पायापर्यंत, थोडी जागा सोडून फोटो घ्यायचा. कॅननच्या क्रॉप बॉडीवर पन्नास लावून त्यासाठी साधारण १४ फूट मागे जावं लागतं. म्हणजे फोटोग्राफर भिंतीच्या बाहेर. निकॉनच्या ३५ एमएमने हेच काम सव्वानऊ फुटांत होतं, कॅननच्या २४ एमएमने सात फुटांच्या आत.

म्हणून निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरसाठी ३५ एमएम १.८ डीएक्स हीच पहिली निवड. ती २००९ पासून मिळते आणि नवशिक्यासाठीच्या भेटींत तिच्याइतकी बिनधोक वस्तू कमी. कॅननवाल्यांची जरा पंचाईत आहे. त्यांची २४ एमएमची चपटी ‘पॅनकेक’ लेन्स जेमतेम १२५ ग्रॅमची, एखाद्या वस्तूच्या १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करणारी, पण २.८ पर्यंतच उघडते. १.८ च्या तुलनेत उजेड निम्म्याहूनही कमी. घरातले सण, स्वयंपाकघर, चुलीवरची भाकरी टिपणाऱ्याला २४ द्यावी. चेहऱ्यांचं वेड असलेल्याला, अंगणात, शेतात, शाळेच्या मैदानावर माणसं टिपणाऱ्याला पन्नास. मिररलेस निकॉन असेल तर झेड डीएक्स २४ एमएम १.७ आहे, आणि तिच्यात ही निवड करावीच लागत नाही.

पोराला नेमकं काय आवडतं, ते त्याला न विचारता कळू शकतं. त्याने काढलेले फोटो संगणकावर असतात. एखाद्या फोटोची माहिती उघडली की त्यात फोकल लेंथ, म्हणजे १८ ते ५५ मधला नेमका आकडा, लिहिलेली असते. पाचपन्नास फोटो बघावेत. बहुतेक १८ वर काढलेले असतील तर त्याला जागा आणि गर्दी दिसते. सगळे ५५ ला येऊन अडकलेले असतील तर तो चेहऱ्याजवळ जायला धडपडतोय. दुकानदाराने सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा हे आकडे खरे.

उजेडाची ही ओढाताण आजची नाही. फोटोग्राफी जन्मली तेव्हा लेन्स इतकी मंद होती की माणसाला मिनिटानुमिनिटं पुतळ्यासारखं बसवावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातल्या जोसेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने हिशोब मांडून माणसांच्या फोटोंसाठी पहिली उजळ लेन्स रचली, आणि पोर्ट्रेट स्टुडिओंचा धंदा उभा राहिला. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नामांकित फोटोग्राफर. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात, हैदराबाद कन्टिन्जन्ट या फौजेची छावणी. त्याच दरबाराने १८८५ मध्ये लाला दीनदयाळ यांना आपला फोटोग्राफर नेमलं. त्यांच्या काचेच्या प्लेटा आणि लाकडी कॅमेरे आठवले की १६० ग्रॅमच्या लेन्सची तक्रार करायला जीभ रेटत नाही. भिंगा-आरशांचाच विषय निघाला म्हणून सांगायचं, औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांना सुमारे ४० किलो वजनाचे आरसे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा उजेडाच्या कामात पुढे बराच गाजणार आहे.

तोवर नवशिक्याला टिपायला इथे काय कमी आहे?

औंढ्याचं मंदिर घ्या. गाभारा खाली, भुयारासारखा, तिथे कॅमेऱ्याचं कामच नाही. पण बाहेरच्या भिंतीवर हत्तींचे थर, देवदेवता, नक्षी, आणि वर अहिल्याबाई होळकरांच्या काळच्या दुरुस्तीचं वेगळं बांधकाम. नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा इथे लहान मुलालाही माहीत असते. सगळं देऊळ एका फोटोत घ्यायला किट लेन्सचं १८ पुरतं, दिवसाचा उजेड भरपूर असतो. वरच्या थरातल्या एखाद्या मूर्तीचा चेहरा हवा असेल तर ५५-२५० सारखी झूम लागते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा नक्षी उठून दिसते. भर दुपारी कितीही महाग लेन्स लावली तरी दगड सपाटच येतो.

झूम आणखी एका ठिकाणी कामाला येते. नर्सीहून संत नामदेवांची पालखी पंढरपूरला निघते आणि हिंगोलीत रिंगण होतं. घोडा धावतो तेव्हा सेकंदाचा हजारावा भाग लागतो. आषाढातलं आभाळ भरलेलं असलं तरी उघड्यावर ५.६ मध्ये ते जमवता येतं, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, थोडा वाढवायचा. पण रिंगणातला घोडा सगळेच टिपतात. फुगडी घालणाऱ्या दोघींच्या तोंडावरचं हसू टिपायला जवळ जावं लागतं, आणि तिथे पुन्हा छोटी लेन्स उपयोगी. दीड हात लांबीची नळी रोखली की माणूस आधी पदर सावरतो. अकोल्यात जन्मलेले फोटोग्राफर सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं मोठं काम मुंबईच्या सफाई कामगारांवरचं. तसे फोटो रस्त्याच्या पलीकडून काढता येत नाहीत.

पक्ष्यांच्या बाबतीत घरच्यांनी मन घट्ट करावं. हिवाळ्यात इसापूर आणि सिद्धेश्वरच्या जलाशयांवर पक्षी उतरतात आणि पोर ‘मोठी लेन्स’ मागतं. ५५-२५० घेऊन दिली, तरी अर्धा मीटर लांबीचं बदक पन्नास मीटरवर असेल तर ते फोटोच्या रुंदीचा जेमतेम नववा हिस्सा भरतं. खऱ्या अर्थाने पक्ष्यांसाठीच्या १५०-६०० झूमचं वजनच दोन किलोच्या घरात जातं, आणि किमतीत चांगली सेकंडहँड मोटारसायकल येते. दोन हिवाळे दुर्बिणीने पक्षी बघून झाल्यावरही हौस टिकली तर तिचा विचार व्हावा.

आणि हळद. फेब्रुवारीपासून वसमत, हिंगोलीकडे हळदीची काढणी आणि शिजवणी चालते, मोठ्या बॉयलरमधून वाफा निघतात, शेतात पिवळ्या रांगा वाळत पडतात, मग ढोलात घालून पॉलिश. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये कांडी आणि गट्टूचे ढीग लागतात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. जिल्ह्यातल्या कुठल्याही नवशिक्यासाठी याच्याइतका देखणा आणि स्वतःच्या दाराशी असलेला विषय नाही. पण पॉलिशच्या ढोलाजवळ लेन्स बदलू नये. ती भुकटी इतकी बारीक असते की उघड्या बॉडीत शिरली तर सेन्सरवर बसते, आणि पुढे आभाळाच्या प्रत्येक फोटोत ठिपके दिसतात. लेन्स घरूनच लावून निघायचं, दिवसभर तीच ठेवायची. समोर साधा यूव्ही फिल्टर लावण्यावर जाणकारांत भांडणं आहेत. उघड्यावर गरज नाही म्हणणारे बरोबरच आहेत, पण त्यांनी कधी ढोलाशेजारी उभं राहून पाहावं. फिल्टर घेतलाच तर लेन्सच्या मापाचा घ्यावा: कॅननच्या पन्नास एसटीएमला ४९ मिलिमीटर, निकॉनच्या ३५ डीएक्सला ५२.

पैसे कमी असतील तर जुनी लेन्स द्यायला लाजू नये. लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओ मिररलेसकडे वळले की त्यांच्या डीएसएलआरच्या लेन्सा विक्रीला निघतात. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून बघावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवावी. दोन-चार धुळीचे कण असले तर काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यापेक्षा मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो. बॉडीवर लावून पाच-सहा फोटो काढावेत, फोकस अडखळतो का ऐकावं. नवी घेताना पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागावं. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ असं म्हणणाऱ्याकडून घेतलेली लेन्स बिघडली तर दुरुस्ती खिशातून होते.

काय घेऊ नये, तेही सांगायला हवं. १८-३०० सारखी सगळं करणारी झूम बघायला रुबाबदार असते, पण लांब टोकाला तिचं तोंड बहुतेकदा किट लेन्सपेक्षाही अरुंद होतं. रामलीला मैदानावरचा फराटा तिच्याने आणखी लांबतो. पिशवी, तिपाई, हूड, पुसायचं कापड आणि तीन फिल्टर अशी सोळा वस्तूंची ‘कॉम्बो ऑफर’ दिसते, त्यातल्या चौदा वस्तू पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत निघतात. फोकस हाताने करायच्या चिनी लेन्सा काही फार चांगल्या आहेत, पण त्या ज्याने मागितल्या त्यालाच द्याव्यात.

लेन्स मिळाल्यावरचे पहिले चार दिवस धोक्याचे. पोर १.८ वर सगळं काढत सुटतं, कारण मागचं सगळं पुसट होतं आणि फोटो एकदम ‘प्रोफेशनल’ वाटतो. पन्नास एमएमने दीड मीटरवरून चेहरा घेतला तर सहा सेंटिमीटरभर जाडीचाच पट्टा धड दिसतो. डोळा लख्ख, कान धुकट. साठ सेंटिमीटरवर गेलं की हाच पट्टा एक सेंटिमीटरचा होतो, नाक येतं आणि डोळे जातात. २.८ किंवा ४ वर आणलं की चेहरा सावरतो. हे कळायला आठवडा लागतो, आणि त्या आठवड्यात घरच्यांनी ‘तुझे फोटो पुसट का येतात रे’ असं विचारू नये.

भाऊबीजेच्या संध्याकाळीच ‘लेन्स खराब निघाली, फोकसच होत नाही’ असा फोन येण्याचीही शक्यता बरीच असते. दुकानदाराला शिव्या देण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. लेन्सच्या बाजूला एक छोटी सरकपट्टी असते, ती खोक्यातून काढताना बोटाने एमएफवर सरकलेली असते. आणि बहिणीने ओवाळणीच्या ताटातला पेढा इतक्या जवळून टिपायला घेतलेला असतो की ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस न होणारी पन्नास तिथे काही करूच शकत नाही. पट्टी एएफवर सरकवायची, हातभर मागे व्हायचं, आणि पेढा कुणी खाण्याआधी पुन्हा बटण दाबायचं.